पहिला राऊंड माझा

माझ्या सायकलला ब्रेक नव्हते. हे वाक्य मी इतक्यांदा बोलले आहे की आता लग्नाच्या पंगतीत कोणी "तुम्ही सायकलिंग करायचात म्हणे" असं म्हटलं, की मी एका दमात सगळं सांगून टाकते. हो, ट्रॅक सायकलिंग. नाही, ब्रेक नसतात. गिअर पण नसतात. नाही, मी सायकलवरून गोव्याला गेलेले नाही आणि मला जायचंही नाही.

तरी पुढचा प्रश्न येतोच. "मग थांबता कशा?"

थांबत नाही, हे खरं उत्तर. ट्रॅक म्हणजे लाकडाची किंवा सिमेंटची एक मोठी लांबट परात समजा. वळणावर तिचा काठ इतका उभा होतो की पायी चढायला गेलात तर घसरून खाली याल. सायकलचं मागचं चाक आणि पॅडल एकमेकांना बांधलेली. चाक फिरतंय तोवर पाय फिरणार, तुमची इच्छा असो वा नसो. वेग कमी करायचा तर पायांनीच चाकाला विरोध करायचा, नाहीतर काठावर चढून वेग उतरू द्यायचा. ब्रेक मुद्दामच नसतात. एकीने अचानक दाबला तर मागची तिच्या अंगावर येणार आणि त्या मागची त्या दोघींच्या.

एकदा साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमधून सायकलचा एक बोल्ट नवीन करून घेऊन मी पवईच्या दिशेने चालले होते. सायकल हातात धरून. हवालदारांनी अडवलं.

"पंक्चर आहे काय?"

"नाही."

"मग बसत का नाहीस?"

"ब्रेक नाहीयेत, काका. रस्त्यावर चालवता येत नाही."

त्यांनी सायकलभोवती एक फेरी मारली. "कोणी काढले ब्रेक?"

"कोणी नाही. येतेच अशी."

"दिली कोणी तुला?"

"सरकारने."

"म्हणजे हातात धरून चालायला सरकारने सायकल दिली," असं म्हणून त्यांनी मला अर्धा तास चौकीत बसवलं. चहा पाजला, ते वेगळं. शेवटी आमच्या सरांनी फोनवर समजावल्यावर सोडलं. सोडताना म्हणाले, "एक ब्रेक तरी लावून घे, बाळा. पुढचा."

मुंबईच्या उपनगरात राहून ट्रॅक सायकलिंग करणं हा मुळातच वेडेपणा. इथे ट्रॅकच नाही. शनिवार-रविवार पुण्याला जाऊन तिथल्या ट्रॅकवर सराव करायचा आणि बाकीचे दिवस मुलुंडच्या एका कारखान्यामागच्या रस्त्यावर. पहाटे तिथे ट्रक नसायचे, कुत्री असायची. तिथे आम्ही फक्त स्टार्ट घ्यायचो. उभ्या सायकलवरून सुटायचं, शंभर पावलांवरच्या खांबापर्यंत जीव तोडून जायचं, परत यायचं, पुन्हा सुटायचं. चालायला येणारी मंडळी थांबून बघत. एक आजोबा रोज म्हणायचे, "अगं, सगळा रस्ता मोकळा आहे, पुढे जा की." वर्षभर म्हणत होते. वर्षभर मी "हो आजोबा" म्हटलं.

आता माझ्या कामाबद्दल, कारण तेच कोणाला कळत नाही. मी टीम स्प्रिंट करायचे. तेव्हा बायकांच्या संघात दोघी असायच्या, आता तिघी असतात. दोघींनी एकदम सुटायचं. पहिली पुढे, दुसरी तिच्या मागच्या चाकाला जवळजवळ चिकटून. पुढची वारा कापते, मागची तिच्या आडोशाने ताकद राखून ठेवते. एक राऊंड झाला की रेषेपाशी पहिलीने झटक्यात वर, काठाकडे निघून जायचं आणि दुसरीने उरलेला राऊंड एकटीने मारायचा. वेळ मोजली जाते ती दुसरीची. फोटो निघतो तोही दुसरीचा.

पहिली मी. सगळं करिअर पहिली. उभ्या सायकलला शून्यातून वेगात आणायचं आणि बाजूला व्हायचं. माझ्या मामांनी एक शर्यत मोबाइलवर पाहिली आणि घरी येऊन आईला म्हणाले, "पोरगी चांगली पळत होती गं, पण मधेच बाहेर गेली. दम कमी पडतो. बदाम दे तिला." मी मामांना समजावलं, कागदावर परात काढून दाखवली. त्यांनी मान हलवली आणि जाताना बदामाचं पाकीट ठेवून गेले.

दुसरी होती चारू. चारुलता, बोरिवलीची. माझ्याहून चार वर्षांनी लहान, माझ्याहून कितीतरी वेगवान, आणि मला आयुष्यात जेवढा मनस्ताप झाला त्यातला निम्मा हिच्यामुळे.

चारू वेळेवर येत नसे. बोरिवली आणि मुलुंडच्या मधे अख्खं जंगल आहे हे मला मान्य आहे. घोडबंदरवरून या नाहीतर पवईवरून या, वळसा पडतोच. पण वळसा रोजचाच होता, कारण मात्र रोज नवीन. बस बंद पडली. काकूची पूजा होती. एकदा म्हणाली, रस्त्यात बिबट्या बसला होता. पेडणेकर सर, म्हणजे आमचे कोच, यांनी शांतपणे विचारलं, "मगे त्याका घेवन येवचा होता. तो तरी येळेर इलो असतो."

सर मालवणचे. शिट्टी गळ्यात, टोपी डोक्यात, आणि आम्ही कितीही चांगलं केलं तरी "ठीक आसा" यापलीकडे शब्द नाही. चारू उशिरा आली की ओरडा मला. मी विचारायचे, "सर, मी तर पाच वाजल्यापासून उभी आहे." सर म्हणायचे, "तुका ऐकाक येता म्हणान तुका सांगतंय. तिका सांगान काय उपयोग?"

चारू यायची, हातात वडापाव, तो खात खातच बूट बांधायची आणि पहिल्याच स्टार्टला माझ्या चाकाला अशी चिकटायची की मधे हात घालायला जागा नाही. मला हेच सहन व्हायचं नाही. मी मोजून खायचे, मोजून झोपायचे, आणि तिच्या अंगात ते जन्मजात होतं. पण एक सांगते. तुमच्या मागे तळहाताएवढ्या अंतरावर कोणीतरी बिनब्रेकच्या सायकलवर जिवाच्या आकांताने येतं, तेव्हा तुम्हाला वळून बघता येत नाही. तिथे कोण आहे यावर सगळं असतं. माझ्यामागे दुसऱ्या मुली बसवून पाहिल्या, तेव्हा मी पहिलं वळण घाबरून घेतलं. चारू असताना कधी नाही.

मलेशियातली शर्यत, आशियाई पातळीवरची. आम्ही दोघी आणि सर, एवढाच आमचा संघ. राखीव खेळाडू नाही. सकाळच्या फेरीत चौथ्या आलो, म्हणजे संध्याकाळी तिसऱ्या नंबरसाठी दुसऱ्या एका संघाशी थेट सामना. जिंकलात तर ब्राँझ, हरलात तर घरी. भारताच्या बायकांना या प्रकारात तिथे पदक कधी मिळालंच नव्हतं, त्यामुळे सर त्या दिवशी दोनदा "ठीक आसा" म्हणाले.

दुपारी आम्ही ट्रॅकवर अंग मोकळं करत होतो. मी खालच्या पट्ट्यात, चारू वर काठाशी. प्रेक्षकांत तिकडे काम करणारी आपली काही माणसं आली होती, तिरंगा घेऊन. त्यांनी "इंडिया, इंडिया" सुरू केलं. चारूने वर बघून हात हलवला. हात हलवतानाच तिची सायकल उतारावरून खाली आली आणि तिचं मागचं चाक माझ्या पुढच्या चाकाला लागलं.

ती पडली नाही. मी पडले. लाकडावरून घसरत पार खालच्या निळ्या पट्टीपर्यंत गेले. उठायला गेले तर डाव्या मांडीत काहीतरी होतं. बघितलं तर ट्रॅकच्या लाकडाची कपची, करंगळीएवढी, शॉर्ट्समधून आत शिरलेली. लाकडी ट्रॅकवर हे होतं, आमच्या धंद्यात त्याचं कोणाला नवल नाही. स्वतःच्या मांडीत बघितल्यावर मात्र वाटतं.

डॉक्टरबाईंनी जागा बधिर करून कपची काढली, टाके घातले, पट्टी बांधली आणि इंग्रजीत सांगितलं की चालायला हरकत नाही. सायकलचं विचारल्यावर त्यांनी सरांकडे बघितलं, सरांनी माझ्याकडे.

चारू दारात उभी होती. हेल्मेट अजून डोक्यावर, रडून नाक लाल.

"रंजू, सॉरी यार. मी खरंच—"

"चारू, आत्ता नाही."

"तू नको चालवूस. मी सरांना सांगते ना. चौथा नंबर पण चांगलाच आहे."

"तू कोण सांगणारी? माझी मांडी आहे."

"पण माझ्यामुळेच ना."

"हो, तुझ्यामुळेच. कोणाला हात करत होतीस? ओळखीचे होते?"

"नाही."

"मग?"

"ते ओरडत होते म्हणून." ती शर्टाच्या बाहीने नाक पुसत म्हणाली, "कधी कोण ओरडतं गं आपल्यासाठी?"

मी पट्टीची सुटलेली कड दाबून बसवली.

सरांनी तिला बाहेर पाठवलं. मला म्हणाले, "उभी ऱ्हव. आता एका पायार खाली बस." उजव्या पायावर बसले, उठले. डाव्यावर अर्ध्यात गेले आणि टेबल धरलं. सरांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "उजव्यान सुटशीत?"

बाहेरच्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. स्टार्टला एक पाय पुढे असतो आणि पहिला जोर त्याचाच. तो पाय प्रत्येकीचा ठरलेला. माझा डावा. उजव्याने सुटणं म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्याने परीक्षेचा पेपर डाव्या हाताने लिहिण्यासारखं. मी म्हटलं, "सुटेन, पण हळू. चारू माझ्यावर येऊन आदळेल."

"ता तिका सांग," सर म्हणाले, आणि दार उघडून तिला आत बोलावलं.

मी तिला सांगितलं. पहिली चार-पाच पॅडल माझी नेहमीसारखी नसतील. तू नेहमीच्या जोरात सुटलीस तर माझ्या चाकात घुसशील आणि आपण दोघी संपलो. तुला जरा मागे राहावं लागेल, किती ते मला सांगता येणार नाही, कारण मलाच माहीत नाही. आणि मागे फार राहिलीस तर आडोसा मिळणार नाही.

ती म्हणाली, "बघते मी." बस एवढंच. एरवी तिच्या तोंडी हे दोन शब्द आले की माझं डोकं फिरायचं.

संध्याकाळी स्टार्टला मशीनने माझं मागचं चाक धरलं. चारू उजवीकडे थोडी मागे, तिला एका माणसाने सीटला धरलेलं. समोर आकडे उलटे मोजायला लागले. औषधाचा अंमल उतरत चालला होता आणि मांडीत एक नाडी वेगळीच उडत होती. शेवटचा बीप झाला, मशीनने चाक सोडलं आणि मी उजव्याने सुटले.

वाईट स्टार्ट. सायकल डोलली, दुसऱ्या पॅडलला डाव्या पायाने जोर द्यायला गेले आणि तोंडातून आवाज निघाला. पहिलं वळण आलं. मागे वळून बघता येत नाही, मी वाट बघत होते ती धक्क्याची. धक्का आला नाही. तिच्या चाकांचा आवाज येत होता, जरा लांबून, मग जवळ, मग अगदी जवळ. मी मोडक्या वेगात वाढत होते आणि ती माझ्याच हिशेबाने वाढत होती. दुसऱ्या वळणापर्यंत पाय लयीत आले. डावा की उजवा हे कळेनासं झालं. रेषा दिसली, मी हँडल खेचून वर गेले आणि ती खालून निघून गेली.

वर काठावर गेलं की आपलं काम संपतं, पण सायकल थांबत नाही, त्यामुळे तुम्ही वरूनच फिरत शर्यत बघता. स्टेडियममधली सगळ्यात चांगली जागा ती. दोन संघ परातीच्या समोरासमोरच्या बाजूंनी, आपापल्या रेषेवरून सुटतात; पलीकडच्या पट्ट्यात दुसऱ्या संघाची मुलगी हिशेबाने पुढे होती. उघड दिसत होतं. माझ्या स्टार्टने घालवलेलं ते सगळं चारूला एका राऊंडमध्ये भरून काढायचं होतं. ती हँडलवर एवढी वाकली होती की हनुवटी टेकेल. शेवटच्या वळणात अंतर कमी झालं, मग दिसेनासं झालं, आणि दोघी आपापल्या रेषा ओलांडून गेल्या. मला काही कळलं नाही. मी बोर्डकडे बघितलं. आमच्या नावापुढे त्या लढतीतला पहिला क्रमांक लागला होता, शेवटच्या आकड्याच्या फरकाने. ब्राँझ आमचं.

खाली उतरले तर पट्टी लाल झाली होती. सर आले. टोपीचा कोपरा दातांनी चावून ओला केला होता. म्हणाले, "ठीक आसा." मग तोंड फिरवून पाण्याची बाटली शोधायला गेले. बाटली माझ्या हातातच होती.

पदक घेऊन मुंबईला आलो. पुढचं तुम्ही ओळखलं असेल. आमच्या नाक्यावर स्वागताचा फलक लागला. त्यावर सगळ्यात मोठा फोटो स्थानिक पुढाऱ्यांचा, त्याखाली चारूचा रेषा ओलांडतानाचा, आणि नाव माझं. सत्कारात पुढारी म्हणाले, रंजनाताईंनी मुलुंडचं नाव सातासमुद्रापार नेलं. मग मला गिअरची, बास्केट लावलेली, चांगली दोन ब्रेकवाली सायकल भेट दिली. चारू पहिल्या रांगेत बसली होती. ती इतकी हसली की शेजारच्या बाईंनी तिला पाणी दिलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी एका दुपारी ती आमच्या घरी आली. फोन न करता. आई घावणे घालत होती. चारूने तीन खाल्ले आणि मग सांगितलं की युरोपात एका केंद्रात तिला बोलावणं आलंय. तिथेच राहायचं, तिथेच सराव, वैयक्तिक शर्यतींसाठी. दोन वर्षं तरी.

"आणि टीम?" मी विचारलं.

ती घावण्याचा तुकडा नारळाच्या रसात फिरवत बसली. "रंजू, ते एकटीलाच बोलावतात गं. मी विचारलं त्यांना तुझं. खरंच विचारलं."

विचारलं असणार. पण पहिल्या राऊंडवालीला एकटीला कोण बोलावणार? तिचा उपयोग मागे कोणी असेल तर. हे मला तिच्याआधी कळत होतं. मला राग आला होता, पण कोणावर काढावा असं कोणी समोर नव्हतं. समोर चारू होती आणि तिचं बरोबर होतं.

"जा," मी म्हटलं. "नाही गेलीस तर मी तुला बोरिवलीपर्यंत मारत नेईन."

ती गेली. पुढे तिने जे मिळवलं ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचलेलं आहे, मी पुन्हा सांगत नाही. मी आणखी काही वर्षं वेगवेगळ्या मुलींना मागे घेऊन चालवली. देशात पदकं मिळवली, खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली, लग्न झालं. आता त्याच कारखान्यामागे मुलींना स्टार्ट शिकवते. पेडणेकर सर गावी आंबे सांभाळतात आणि फोनवर मला सांगतात की मी मुलींना फार लाडावते. आशियात पुन्हा पदक आलं नाही. चारूसारखी मागे कोणी बसली नाही, हे कारण मी कधी कोणाला दिलं नाही, कारण ते नव्या मुलींवर अन्याय करणारं आहे. पण खरं आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी चारू मोकळी पेटी आणि अख्खी सायकल घेऊन आमच्याकडे आली होती. टेम्पो करून. म्हणाली, "भरून दे ना."

सायकल विमानात न्यायची तर सुटी करून पेटीत भरावी लागते. इतकी वर्षं आमच्या दोघींच्या पेट्या मीच भरत होते. ती शेजारी बसून काहीतरी खात गप्पा मारायची. त्या दिवशीही ती सवयीने जमिनीवर बसली आणि डबा उघडला. मी पाना तिच्या हातात दिला.

"मी?" ती म्हणाली.

"तिथे कोण भरणार आहे?"

तिने पॅडल काढायला घेतलं, उलट्या बाजूला फिरवून आणखी घट्ट केलं. मी सांगितलं, डावं उलट फिरतं. चाकं काढली. पुढच्या फोर्कमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या मधे, लाकडी ठोकळा घालायचा असतो, नाहीतर कोणी पेटी आपटली की फोर्क दबतो. ती विसरली. चेनला फडकं गुंडाळायला विसरली. पेटी बंद करून माझ्याकडे बघायला लागली. मी झाकण उघडलं आणि सगळं बाहेर काढून जमिनीवर मांडलं.

"रंजू, प्लीज यार."

"परत."

दुसऱ्यांदा ठोकळा आला, पण हँडल आडवं पडलं आणि झाकण लागेना. ती झाकणावर चढून बसली. मी तिला उतरवलं. पुन्हा सगळं बाहेर. आई दारातून म्हणाली, "अगो, भरून दे तिका, उद्या जातली ती." मी म्हटलं, "आई, तू आत जा."

चारू तिसऱ्यांदा खाली वाकली. तिने ठोकळा घातला, चेन गुंडाळली, हँडल कडेला वळवलं, त्याखाली जुना टॉवेल दिला. चाकं दोन बाजूंना. पॅडल पिशवीत घालून पिशवी सीटच्या दांड्याला बांधली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते खांद्याने पुसत होती, कारण हात ग्रीसचे झाले होते. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि काही मदत केली नाही. झाकण बसलं. तिने चारही कड्या लावल्या, पेटी उभी केली आणि जोरात हलवून बघितली.

आतून काही वाजलं नाही.